‘समजलं का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’च येतं

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर या वेळी आलेली बहुतेक पत्रं स्थलांतरित आणि अल्पसंख्य कामगारांबद्दल आहेत. काही त्यांनी स्वतः लिहिली आहेत, काही त्यांच्या पाळीप्रमुखांनी. पत्रलेखकांची नावं आणि ठिकाणं छापलेली नाहीत. बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि ज्यांनी केली नव्हती त्यांच्या बाबतीतही आम्हाला तेच योग्य वाटलं.

प्रश्न : मी कारखान्यात पाळीप्रमुख आहे. हाताखाली चार वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं आहेत, त्यातले काही नुकतेच दुसऱ्या देशातून आलेले. सुरक्षिततेची माहिती मुकादमाकडून त्यांच्या भाषेत सांगवतो. शेवटी ‘समजलं का?’ विचारतो, सगळे ‘हो’ म्हणतात आणि सही करतात. तरीही गेल्या महिन्यात एकाने अडकलेलं खोकं काढायला कन्व्हेयरमध्ये हात घातला. थोडक्यात बचावला. आमचं काय चुकतंय?

तुमचा शेवटचा प्रश्न चुकतोय. ज्याची नोकरी, राहायची खोली आणि पुष्कळदा देशात राहण्याचा परवानाही तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे, तो माणूस ‘नाही समजलं’ असं चारचौघांत म्हणणार नाही. म्हणून विचारूच नका, करून दाखवायला सांगा.

कन्व्हेयरचंच घ्या. खोकं अडकलं की काय काय करायचं, ते त्याने स्वतःच्या हाताने तुमच्यासमोर करायचं : पट्टा थांबवायचा, मुख्य आयसोलेटर (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची, पट्ट्याचा ताण आणि हवेच्या लाइनमधला दाब सोडायचा, मग चालू करायचं बटण एकदा दाबून यंत्र खरंच मेलंय याची खात्री करायची. एवढं झाल्यावर हात आत. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो थांबवण्याचं बटण आणि आयसोलेटर यांत. बटण दाबल्यावर पट्टा थांबलेला दिसतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण वीज आतपर्यंत आलेलीच असते. सेन्सरला हालचाल लागली किंवा पलीकडच्या टोकाला कुणी बटण दाबलं की पट्टा पुन्हा सुरू. म्हणून त्याला विचारा, ‘तू आत हात घातलास आणि तिकडून दुसऱ्याने बटण दाबलं, तर काय होईल?’ उत्तर गडबडलं तर शिकवणं पुरतं पोचलेलं नाही. पुन्हा शिकवा, आणि त्याला न रागावता.

कुलूप दर माणशी एक, किल्लीही एकच. यंत्रावर पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं लागली पाहिजेत. कुलपाला लावायच्या चिठ्ठीवर नावासोबत फोटो लावा, कारण चार भाषांच्या पाळीत नाव सगळ्यांना वाचता येत नाही, चेहरा ओळखता येतो.

दुसरी चूक मुकादमाला दुभाषा करण्याची. उत्पादन किती निघालं यावर ज्याचं कौतुक ठरतं, तो दहा वाक्यांची दोन वाक्यं करतो, आणि त्यात ‘थांबवा’ हे वाक्य पहिलं गळतं. शिवाय ज्याच्या हातात हजेरी आहे त्याच्यासमोर शंका कोण विचारणार? दुभाषा कामाच्या साखळीबाहेरचा हवा. भरती करणाऱ्या एजंटचा माणूस नको, कामगाराचा नातेवाईक नको, आणि मूल तर मुळीच नको.

छापील भाषांतरावरही भिस्त ठेवू नका. स्वतःची भाषा बोलता येते पण वाचता येत नाही, अशी माणसं प्रत्येक मोठ्या पाळीत असतात आणि ती हे लपवतात. चित्रं बरी, पण चित्रंही शिकवावी लागतात. रसायनांच्या जागतिक पद्धतीत ९ धोकाचिन्हं आहेत. कवटी सगळ्यांना कळते. पण नुसती ज्वाला म्हणजे पेट घेणारा पदार्थ आणि वर्तुळावरची ज्वाला म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारा पदार्थ, हा फरक न सांगता कुणालाच कळत नाही. माणसाच्या छातीवर तारा फुटल्यासारखं चिन्ह म्हणजे कर्करोग, फुप्फुसाचे विकार असे सावकाश होणारे आजार. अनेकांना तो माणूस शूर वाटतो.

शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं : त्याने हात का घातला, हे त्याला विचारलंत का? पट्टा थांबला की ओरडा खावा लागत असेल किंवा नगावर पैसे मिळत असतील, तर पद्धत माहीत असूनही तो हातच घालणार. थांबलेल्या पट्ट्याची मिनिटं त्याच्या मजुरीतून आणि तुमच्या हिशोबातून वजा होणार नाहीत, हे आधी ठरवून सगळ्यांसमोर सांगा. नवीन माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त धोका असतो. तेव्हा हा सराव पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात आणि महिनाअखेरीस असा तीनदा घ्या.

प्रश्न : कृत्रिम क्वार्ट्‌झचे ओटे कापण्याच्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो. आम्ही सगळेच बाहेरून आलेले. कटरवर पाणी सोडतो, मालक निळे कागदी मास्क देतो. धर्मामुळे मी दाढी ठेवतो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

नाही, अजिबात पुरेशी नाही. हे उत्तर तुमच्या सोबत्यांनाही वाचून दाखवा.

कृत्रिम दगड म्हणजे क्वार्ट्‌झची पूड आणि तिला धरून ठेवणारी राळ. त्यात सिलिका या खनिजाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असतं. ग्रॅनाइटमध्ये ते साधारणपणे ४५ टक्क्यांच्या आत असतं, संगमरवरात अगदी थोडं. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे ‘आज धूळ नाही’ या म्हणण्याला काही अर्थ नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या ५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा दगड कापून सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) झालेल्या त्या ५२ पुरुषांपैकी ५१ जण लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित होते. मधलं वय ४५. दहा जण अभ्यास प्रसिद्ध होईपर्यंत दगावले होते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली.

पाणी सोडता ते चांगलंच आहे. मात्र ते पात्याच्या धारेवर, जिथे दगड कापला जातो नेमकं तिथे पडलं पाहिजे. मग खरी गडबड काम संपल्यावर होते. जमिनीवर साचलेला पांढरा चिखल रात्रभर वाळतो आणि सकाळी पहिला माणूस केरसुणी घेऊन तो झाडतो. किंवा कुणी हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झटकतो. दिवसभर पाण्याने दाबलेली धूळ त्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडासमोर येते. चिखल ओला असतानाच पाण्याने धुऊन काढा. कोरडी धूळ हेपा फिल्टरच्या, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमनेच ओढा. केरसुणी आणि हवेचा पाइप सफाईसाठी बंद. हातातल्या ग्राइंडरला पाण्याची जोड आणि जवळच धूळ ओढणारा पंखा, दोन्ही हवेत. कामाचे कपडे तिथेच बदला, घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नका.

निळा कागदी मास्क तुमची थुंकी अडवतो, सिलिका अडवत नाही. एन-९५ किंवा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क अडवतो, पण त्याची कड त्वचेला घट्ट चिकटली तरच. एका दिवसाची खुंटं असली तरी फटी राहतात, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने, म्हणजे फिल्टर टाळून फटीतून आत येते. तुमच्यासाठी उपाय वेगळा आहे : कमरेला बॅटरी आणि पंखा असलेला, डोक्यावरून सैल टोप येणारा श्वसनसंच. त्याला पीएपीआर म्हणतात. त्यात गाळलेली हवा सतत आत सोडली जात असल्यामुळे चेहऱ्याला चिकटण्याची गरज नसते, दाढीही काढावी लागत नाही. पाळी सुरू होण्याआधी बॅटरी भरलेली आहे का आणि हवेचा झोत पुरेसा आहे का, हे संचासोबतच्या मापकाने तपासायचं. बॅटरी उतरली की टोप हा नुसता टोप उरतो. तोही पाणी आणि पंख्याच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला.

याचा खर्च मालकाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा करार क्रमांक १५५ स्पष्ट सांगतो की सुरक्षिततेच्या उपायांचा भार कामगारावर पडता कामा नये. ‘दाढी काढ किंवा काम सोड’ हे उत्तर उपाय उपलब्ध असताना आम्हाला मान्य नाही.

छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना आपणहून सांगा : ‘मी कृत्रिम दगड कापतो, इतकी वर्षं.’ हे सांगितलं नाही तर खोकला आणि दम हा न्यूमोनिया किंवा क्षय समजून औषधं सुरू होतात आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत जातो. सिलिकामुळे क्षयाचा धोकाही खरोखर वाढतो, म्हणून दोन्ही तपासा. सिलिकोसिस बरा होत नाही, लवकर कळला तर धूळ थांबवता येते.

प्रश्न : रस्त्याच्या कामावर नवीन तुकडी आली आहे, थंड प्रदेशातली माणसं. ऊन कडक आहे. काही जण उपवास करतात, काही बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाण्याचे पिंप ठेवले आहेत. आणखी काय करू?

पिंपापेक्षा आधी कामाचा भार बघा. उन्हाच्या कामात दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतल्या नवीन माणसांचं प्रमाण फार मोठं असतं, कारण शरीराला उष्णता सोसायला शिकायला वेळ लागतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के वेळ द्या आणि रोज आणखी २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. आधी उन्हात काम केलेला पण सुट्टीवरून परतलेला असेल तर पहिल्या दिवशी ५० टक्के, मग ६०, ८० आणि १००. उरलेला वेळ सावलीतलं काम आणि पूर्ण मजुरी. मजुरी कापली तर दुसऱ्याच दिवशी ‘मला सवय आहे’ म्हणतील.

पाणी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेलाभर, साधारण २४० मिलिलिटर, तहान लागायची वाट न बघता. तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ देऊ नका, रक्तातलं मीठ घसरून माणूस तसाही कोसळतो. बायका पाणी पीत नाहीत त्याचं कारण पाण्यात शोधू नका, शौचालयात शोधा. स्वच्छ, आतून कडी लागणारं आणि चालत काही मिनिटांवर असलेलं शौचालय नसेल तर कुठलीही शहाणी बाई पाणी टाळणारच.

उपवास करणाऱ्यांवर तो सोडण्याची सक्ती करू नका आणि त्यांच्याकडे डोळेझाकही करू नका. त्या दिवसांत खणणं, उचलणं, डांबर ओतणं ही कामं पहाटेला किंवा रात्रीकडे सरकवा, दुपारी बसून करायची कामं द्या. त्रास वाटला तर लगेच पाणी प्यायला आणि थांबायला मोकळीक आहे, हे आधीच सांगा. कोसळायच्या बेतात असलेल्याला परवानगी मागायला लावू नका.

एक गोष्ट हमखास निसटते. उष्माघाताची पहिली खूण म्हणजे बोलणं बरळल्यासारखं होणं, गोंधळणं. पण ज्याची भाषाच तुम्हाला कळत नाही तो बरळतोय हे तुम्हाला कसं कळणार? म्हणून प्रत्येक नवीन माणसाची जोडी त्याच्याच भाषेच्या माणसाशी लावा, आणि ‘हा वेगळं बोलतोय’ असं जोडीदाराने सांगितलं की तेवढ्यावर काम थांबवा. माणूस गोंधळला, लटपटला किंवा पडला तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थंड करत राहा. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवणं सगळ्यात चांगलं, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर अंगभर गार पाणी ओता, बगलेत, मानेला, जांघेत बर्फ लावा, वारा घाला. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : यंत्रावर काम करणाऱ्या मुली डोक्याला रुमाल बांधतात, एक सहकारी पगडी घालतो. सुपरवायझर म्हणतो काढा. बरोबर आहे का?

धोका सुटं कापड, पदर, टाचण्या यांचा आहे, डोकं झाकण्याचा नाही. डोक्याला घट्ट बसणारा, टोक गळ्याजवळ आत खोचलेला, टाचणीविना बांधलेला रुमाल फिरत्या यंत्राजवळ चालतो. वेल्डिंग किंवा भट्टीजवळ कापड सुतीच हवं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. असे रुमाल कंपनीने पुरवावेत आणि मुलींना विचारून निवडावेत.

पगडीचा प्रश्न हेल्मेटमुळे येतो. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कायद्याने पगडी घालणाऱ्या शिखांना बांधकामावर हेल्मेटमधून सूट मिळाली आणि २०१५ पासून ती बहुतेक सगळ्या कामाच्या ठिकाणी लागू झाली. सगळ्या देशांत असं नाही, तुमच्याकडचा नियम बघावा लागेल. पण सूट मिळाली तरी वरून पडणारी वीट तेवढीच जड असते. परांचीला पायपट्टी (कडेची उभी फळी) आणि जाळी लावणं, वर काम चालू असताना खालचा भाग दोरीने अडवणं, हे आधी करा. त्याने हेल्मेट घालणाऱ्यांचीही डोकी वाचतात.

प्रश्न : मी ऑफिसं साफ करते. बाटल्यांवरचं वाचता येत नाही. काल शौचालयात दोन औषधं एकत्र ओतली, घसा जळला, डोळ्यांतून पाणी आलं. काय झालं असेल?

ब्लीच आणि शौचालयाचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि काच पुसायचं अमोनियाचं औषध एकत्र आलं की क्लोरामाइन वायू. दोन्ही श्वासनलिकेला भाजतात. असं झालं की बादली तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. बादली रिकामी करायला पुन्हा आत जाऊ नका. क्लोरीनचा त्रास काही तासांनीही वाढतो. छातीत घट्टपणा, दम किंवा न थांबणारा खोकला असेल तर आजच दवाखान्यात जा. डोळ्यांत थेंब उडाला असेल तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं.

यापुढे एका जागी एकच औषध, आणि एकानंतर दुसरं वापरायचं तर मध्ये भरपूर पाणी. बाटल्यांना रंगीत टेप लावून घ्या : ब्लीचला एक रंग, आम्लाला दुसरा, हे दोन रंग एका बादलीत कधीच नाहीत. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध भरून कुणी दिलं तर घेऊ नका.

प्रश्न : मी एजन्सीमार्फत गोदामात लागलो आहे. पासपोर्ट एजन्सीकडे आहे. यंत्राचा गार्ड (फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण) तुटलाय. एजन्सी म्हणते गोदामवाल्याला सांग, गोदामवाला म्हणतो एजन्सीला सांग. तक्रार केली तर परत पाठवतील अशी भीती वाटते.

तुमची भीती खोटी नाही, म्हणून पावलं जपून टाका.

यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो गार्डला जबाबदार, आणि तुम्हाला तिथे पाठवणारी एजन्सीही ती जागा बघायला बांधील आहे. दोघांनाही एकाच वेळी, एकाच मजकुराचा मेसेज पाठवा : यंत्र कुठलं, गार्डचा कुठला भाग नाही, कधीपासून. सोबत फोटो. फोटो आणि तारीखवार टिपणं तुमच्या खोलीत किंवा कंपनीच्या फोनमध्ये ठेवू नका, बाहेरच्या विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.

काम नाकारायचं तर असं म्हणा : ‘मी काम करायला तयार आहे. गार्ड बसला की या यंत्रावर करतो, तोवर दुसरं काम द्या.’ साक्षीदारासमोर म्हणा आणि जागा सोडून जाऊ नका. निघून गेलात तर ‘काम सोडलं’ अशी नोंद करायला सोपं जातं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करार १५५ प्रमाणे जिवाला तातडीचा, गंभीर धोका असल्याचं सबळ कारण असेल तर बाजूला झालेल्या कामगाराला शिक्षा करता येत नाही, आणि धोका दूर होईपर्यंत त्याला परत तिथे जायला लावता येत नाही. जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मूलभूत तत्त्वांत घेतलं, त्यामुळे करार मंजूर न केलेल्या सदस्य देशांनाही ते मानावं लागतं. प्रत्यक्षात हे तुमच्या देशाच्या कायद्यात कसं उतरलंय, ते स्थानिक कामगार संघटनेकडून समजून घ्या.

श्रम खात्याच्या निरीक्षकाकडे जाण्याआधी त्या स्थानिक संघटनेलाच विचारायला सांगा की श्रम खातं इमिग्रेशन खात्याला नावं कळवतं का. नाव न देता विचारता येतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या करार क्रमांक ८१ मध्ये तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने पूर्ण गुप्त ठेवायचं आहे, पण सगळ्या देशांत दोन खात्यांमध्ये भिंत नाही. जिथे नाही तिथे संघटनेच्या नावाने तक्रार करा, आणि शक्य तर पाच-सहा जणांची एकत्र.

पासपोर्ट दुसऱ्याने ठेवून घेणं ही साधी गैरसोय समजू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलेल्या वेठबिगारीच्या ११ खुणांपैकी ती एक आहे. लेखी मागा, मिळाला नाही तर तुमच्या देशाच्या वकिलातीला कळवा. त्याच्या पानांचे फोटो आधीच काढले असतील तर फार उपयोग होतो.

आणि इजा झालीच, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा की ती कामावर झाली, कुठल्या यंत्रावर, किती वाजता. कागदावर तसं लिहिलेलं आहे का ते दवाखान्यातून निघण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. ‘घरी पडलो’ असं सांगायला सोबत आलेला माणूस सुचवत असेल तर त्याला खोलीबाहेर थांबायला सांगण्याची विनंती डॉक्टरांना करता येते.